फिशटँकचं पाणी बिघडलं? टाकी रिकामी करण्याआधी हे करा

घरातल्या फिशटँकचं पाणी जरा गढूळ दिसलं की बहुतेक घरांत एकच उपाय ठरलेला असतो. रविवारी मासे बादलीत काढायचे, टाकी मोरीत नेऊन उलटी करायची, खडे घासून धुवायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा आणि ताजं पाणी भरून मासे परत सोडायचे. संध्याकाळी टाकी दुकानातल्यासारखी चकचकते आणि बुधवार-गुरुवारकडे पहिला मासा आडवा होतो. दुकानदार म्हणतो, ‘पाणी लागलं नाही’, आणि निळ्या औषधाची बाटली हातात ठेवतो.

मासा मेला तो घाणीमुळे नाही, धुण्यामुळे. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात. तेच धुऊन टाकले की दिसायला स्वच्छ पाण्यात विष साठत जातं. अमोनियाला रंग नसतो, आणि मासे मरतील इतका असला तरी वासही येत नाही. त्यामुळे डोळ्यांना काय दिसतं यावर निर्णय घ्यायचा नाही, ही सवय आधी लावून घ्या. पुढच्या पायऱ्या गोड्या पाण्याच्या टाकीसाठी आहेत, आणि त्यांचा क्रम शक्यतो मोडू नका.

पायरी १: पाच मिनिटं नुसतं बघा

खुर्ची ओढून टाकीसमोर बसा. आधी मासे मोजा. एक कमी भरला तर फिल्टरच्या मागे, शोभेच्या किल्ल्यात, झाडांच्या बुंध्याशी शोधा. छोट्या टाकीत एक मेलेला मासा सडला तर पाणी एका दिवसात बिघडू शकतं. मोठी गोगलगाय मेली असेल तरी तेच.

सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर त्यांना प्राणवायू मिळत नाहीये. पण पाण्यात प्राणवायू कमी आहे की माशांचे कल्लेच निकामी होत आहेत, हे वेळेवरून ओळखा. पहाटे मासे वर आणि दुपारपर्यंत ठीक, असं असेल तर प्राणवायूची कमतरता. झाडं आणि शेवाळ दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री स्वतःच तो खातात. पाणी बदलल्यावर तासाभरात गडबड सुरू झाली तर क्लोरीन किंवा तापमानातला फरक. टाकी धुतल्यावर किंवा नवे मासे आणल्यावर दोन-चार दिवसांनी सुरू झाली तर अमोनिया. खोलीत फवारणी, रंगकाम, पेस्ट कंट्रोल झालं असेल तर वेगळा संशय, त्याबद्दल पुढे सांगतो.

एकच मासा कोपऱ्यात बसलाय आणि बाकीचे भुकेले, टवटवीत फिरताहेत, तर दोष बहुधा पाण्याचा नाही. तो आजारी आहे किंवा दुसरा कुणी त्याला छळतोय.

पायरी २: खाणं बंद, हवा सुरू, थोडं पाणी बदला

कारण कळायच्या आधीही करता येतील अशा तीन गोष्टी आहेत. खाणं थांबवा. धडधाकट मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर काही बिघडत नाही. एअर पंप असेल तर लावा, नसेल तर फिल्टरचं तोंड वर करून पृष्ठभाग चांगला हलेल असं बघा. आणि साधारण तिसरा हिस्सा पाणी बदला.

त्यासाठी आपल्या टाकीत पाणी किती ते माहीत हवं. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतील. आपल्याकडे सर्रास मिळणारी २ फूट × १ फूट × १ फूट टाकी ५६ लिटरची असते. खडे आणि वरची रिकामी जागा वजा केली की खरं पाणी ४५ लिटर उरतं. म्हणजे तिसरा हिस्सा १५ लिटर, एक बादली. औषधांची आणि अँटी-क्लोरीनची (पाण्यातलं क्लोरीन घालवणाऱ्या थेंबांची) मात्राही या खऱ्या पाण्यावर काढायची.

टाकीत भरायचं पाणी क्लोरीनमुक्त हवं आणि टाकीइतकंच उबदार. थर्मामीटर असलेला बरा. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी हाताला चटका देतं, तर नाशिक-विदर्भाकडे जानेवारीच्या सकाळी तेच पाणी बर्फासारखं असतं. बादली आदल्या रात्री भरून घरात ठेवली की हा प्रश्न मिटतो. भरताना धबधबा ओतू नका. मगाने सावकाश, हातावर किंवा बशीवर धार धरून घाला.

इथे एक अपवाद आहे. टाकी वर्षभर चालू आहे आणि कित्येक महिन्यांत पाणी बदललंच नाही, नुसतं कमी झालेलं भरत आलात, तर एकदम तिसरा हिस्सा बदलू नका. दहावा हिस्सा बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा दहावा. का, ते पायरी ४ मध्ये.

पायरी ३: मोजा, आणि नळाचंही मोजा

थेंबांचं टेस्ट किट घ्या. काचेच्या नळीत टाकीचं ५ मिली पाणी, त्यात मोजून थेंब, मग रंगाच्या कार्डाशी तुलना. पट्ट्या स्वस्त आणि झटपट असतात, पण सगळ्यात महत्त्वाचा अमोनिया बऱ्याच पट्ट्यांवर नसतोच. पैसे मोजकेच असतील तर निदान अमोनिया आणि नायट्राइट या दोन बाटल्या तरी घ्या. किटची किंमत ऐकून लोक माघार घेतात आणि नंतर तेवढ्याच पैशांची औषधं अंदाजाने ओततात.

नायट्रेटच्या चाचणीत एक बाटली जोरात हलवायची असते, आतला पदार्थ तळाशी बसतो म्हणून. ती नीट हलवली नाही तर नायट्रेट खोटंच कमी दिसतं. किटमधल्या कागदावर जेवढे सेकंद लिहिलेत तेवढे खरोखर मोजा.

घरात आरओ असेल तर पेनासारखं टीडीएस मीटरही असतं, आणि ते टाकीत बुडवून ‘पाणी ३०० आहे, चांगलं आहे’ असं ठरवलं जातं. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज. त्यात अमोनिया किती हे मीटर सांगू शकत नाही. मासे मरत असतानाही आकडा तोच दिसेल.

टाकीबरोबर नळाच्या पाण्याचीही तपासणी करा, आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, ७ च्या खाली आम्लधर्मी) दोनदा मोजा: भरल्याबरोबर आणि बादली दिवसभर उघडी ठेवल्यावर. बोअरच्या पाण्यात जमिनीखालचा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो उडून गेला की पीएच बराच वर जातो. टाकीत राहणारा आकडा हा दुसरा.

पायरी ४: आकड्यांचा अर्थ लावा

मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. सडणारं खाणंही तोच देतं. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. जुन्या, नीट बसलेल्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यच यायला हवेत. ‘थोडासाच आहे’ याचा अर्थ जिवाणू कमी पडताहेत किंवा मासे जास्त झालेत.

अमोनियाचा आकडा पीएचसोबतच वाचायचा. किट दाखवतं ते एकूण. त्यातला खरा जहाल भाग किती, हे पीएच आणि तापमानावर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का जहाल रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर, पीएच ८.५ ला पंधरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे किटवर १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) दिसत असताना पीएच ७ च्या टाकीत मासे कसेबसे तग धरतील आणि पीएच ८.५ च्या बोअरच्या पाण्यात तेच मासे तडफडतील. पाणी तापलं की हा हिस्सा आणखी वाढतो. शेजाऱ्याच्या टाकीत ‘एवढा अमोनिया चालतो’ म्हणून आपल्याही चालेल असं नाही, ते यामुळे.

उपाय साधं गणित आहे. अर्धं पाणी बदललं तर अमोनिया अर्धा होतो. २ पीपीएमचा १, दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं बदललं तर ०.५, शिवाय मधल्या काळात माशांनी सोडलेला वेगळा. आकडा ०.२५ च्या खाली येईपर्यंत रोज तिसरा ते अर्धा हिस्सा बदलत राहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण यापेक्षा खात्रीचं औषध बाटलीत मिळत नाही.

नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात, एअर पंप जोरात चालू असूनही मासे धापा टाकतात. इथे पाणी बदलण्याच्या जोडीला साधं मीठ कामी येतं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांत शिरू देत नाही. १० लिटरला १ ग्रॅम खडेमीठ, वेगळ्या भांड्यात विरघळवून, एवढंच. मूठभर टाकायची गरज नाही. पाणी बदलाल तेव्हा जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच मीठ नव्याने घाला, कारण मीठ आपोआप उडून जात नाही.

नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास ठेवलं तर उत्तम, ४० च्या वर गेलं तर पाणी बदलण्याचं वेळापत्रक ढिलं पडलंय. पण नळाचा आकडा इथे आठवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, आणि शेतीपट्ट्यातल्या बोअरमध्ये खतांमुळे ते त्याच्याही वर असणं नवं नाही. असं पाणी कितीही वेळा बदललं तरी टाकीतला आकडा त्याच्या खाली येणार नाही. तिथे मनीप्लँट उपयोगी पडतो. मुळं पाण्यात, पानं बाहेर ठेवली की तो नायट्रेट शोषत वाढतो. पाणवनस्पतींमध्ये हायड्रिला, हॉर्नवर्ट या भराभर वाढणाऱ्या जाती घ्या.

आता त्या अपवादाबद्दल. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली क्षारता, म्हणजे केएच, खात जातं. पाणी बदललंच नाही तर महिनोन्‌महिन्यांनी केएच संपतो आणि पीएच घसरतो. तो ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं, अमोनिया साठतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो जवळपास सगळा निरुपद्रवी रूपात राहतो. मासे चाललेत, टाकी ठीक वाटते. मग कुणीतरी उत्साहाने पीएच ८ चं ताजं पाणी अर्धी टाकी भरून ओततं, साठलेला अमोनिया क्षणात जहाल होतो, आणि ‘पाणी बदललं म्हणून मासे मेले, म्हणून पाणी बदलायचंच नाही’ असा नियम त्या घरात कायमचा बसतो. अशी टाकी आठवडा-दोन आठवडे रोज थोडं थोडं बदलूनच ताळ्यावर आणायची.

केएच ३ अंशांच्या (हे केएच मोजायचं एकक, तापमान नव्हे) खाली असेल तर फिल्टरमध्ये मूठभर स्वच्छ शिंपले ठेवा, हळूहळू विरघळत राहतील. तातडीने वाढवायचा असेल तर ५० लिटरला दीड ग्रॅम खायचा सोडा घातला की केएच साधारण १ अंश वाढतो. एका दिवसात त्यापेक्षा जास्त नको.

पीएचबद्दल एवढंच: ६.५ ते ८.२ मध्ये कुठेही स्थिर असेल तर हात लावू नका. ‘पीएच डाउन’ची बाटली केएच भरपूर असलेल्या पाण्यात दोन दिवस काम करते, मग पीएच परत वर येतो, तुम्ही पुन्हा घालता, आणि माशांना त्या चढउताराचाच त्रास जास्त होतो.

पायरी ५: तुमचं पाणी येतं कुठून?

पालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन गृहीत धरा. मानकाप्रमाणे नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असायला हवं. माणसांसाठी ते चांगलंच, पण माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना तेवढंही झेपत नाही. उघड्या बादलीत २४ तास, जमल्यास एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवलं तर ते उडून जातं. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब, बाटलीवरच्या मात्रेनुसार. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी मात्र आपल्या शहराचा पाण्याचा अहवाल बघावा. अमेरिकेतल्या अनेक शहरांत क्लोरामाइन वापरतात. ते बादली ठेवून उडत नाही आणि तोडल्यावर त्यातून अमोनिया सुटतो, म्हणून दोन्ही सांभाळणारं औषध लागतं.

दोन प्रसंगी नळाच्या पाण्यावर विश्वास ठेवू नका. पहिला, सोसायटीची टाकी धुतली जाते तेव्हा. ब्लीचिंग पावडर वापरलेली असते आणि नंतरचं पाणी नेहमीपेक्षा कितीतरी तीव्र असू शकतं. सूचनाफलकावर तारीख लागली की आदल्या दिवशीच बादल्या भरून ठेवा, आणि पुढचे दोन-तीन दिवस पाणी बदलू नका. दुसरा, पावसाळ्याची सुरुवात. धरणात गढूळ पाणी येतं, शुद्धीकरण केंद्रात गाळ बसवणारी रसायनं आणि क्लोरीन यांची मात्रा वाढू शकते. जून-जुलैमध्ये नळाला क्लोरीनचा वास येत असेल तर एका वेळी पाव टाकीपेक्षा जास्त बदलायचं टाळा.

बोअरच्या पाण्यात सहसा क्लोरीन नसतं, पण ते जड असतं. नळाच्या तोटीवर, गिझरमध्ये पांढरा थर जमतो तोच टाकीच्या काचेवर पाण्याच्या रेषेशी दिसतो. जड पाणी म्हणजे वाईट पाणी नव्हे. गप्पी, मॉली, प्लॅटी त्यात मजेत राहतात. निऑन टेट्रा, डिस्कस यांना ते मानवत नाही. पाणी बदलत बसण्यापेक्षा आपल्या पाण्याला साजेसे मासे पाळणं केव्हाही स्वस्त पडतं. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

टँकरच्या पाण्याचं काही सांगता येत नाही. आजचा टँकर एका विहिरीचा, उद्याचा दुसऱ्या. उन्हाळ्यात टँकरवर असाल तर टीडीएस मीटर इथे खरंच उपयोगाचं आहे: नव्या पाण्याचा आकडा टाकीपेक्षा फारच वेगळा आला तर थोडं थोडं बदला.

आरओचं शुद्ध पाणी एकटं वापरू नका. त्यात केएच जवळपास नसतो, पीएच कधी कोसळेल सांगता येत नाही. बोअरचं पाणी फारच जड असेल तर अर्धं-अर्धं मिसळा. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र टाकीत नको, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात.

उन्हाळ्यात पाणी उडून पातळी खाली जाते आणि आपण वरून भरतो. हे पाणी बदलणं नाही. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात.

पायरी ६: रंग, वास, साय

आता दिसणाऱ्या गोष्टींकडे वळू. पांढरट, दुधासारखं गढूळ पाणी नव्या टाकीत पहिल्या दोन आठवड्यांत हमखास दिसतं. हे पाण्यात मोकळे वाढलेले जिवाणू आहेत, खाणं कमी केलं की आपोआप ओसरतं. पाणी भरल्याबरोबर गढूळ असेल तर ती नुसती न धुतलेल्या खड्यांची धूळ. हिरवं पाणी म्हणजे तरंगतं शेवाळ. टाकी खिडकीपासून हलवा, दिवा सहा तासांवर आणा. फारच झालं तर तीन दिवस जाड चादरीने पूर्ण झाकून ठेवा, पण त्या काळात एअर पंप चालूच हवा. चहासारखा पारदर्शक तपकिरी रंग लाकडातून किंवा बदामाच्या पानातून उतरतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट फाइटर माशाला तो आवडतो. काचेवरची तपकिरी पावडर नव्या टाकीत येते आणि जाते.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर खडे फार जाड थरात आहेत आणि तळाशी हवा पोचत नाहीये. तळ एका दिवसात ढवळून काढू नका, दर आठवड्याला एकेक कोपरा सायफनने (नळीने पाण्यासोबत घाण ओढून) साफ करा. पृष्ठभागावर तेलकट साय धरत असेल तर टाकी स्वयंपाकघराजवळ आहे का बघा. फोडणीचा धूर पाण्यावर बसतो. कागदी नॅपकिन पृष्ठभागावर अलगद ठेवून उचला, आणि पाणी हलतं ठेवा.

पाणी स्वच्छ व्हावं म्हणून तुरटी फिरवू नका. गाळ बसेल, पण केएच आणि पीएच खाली येतील, आणि तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना घातक असतं.

पायरी ७: फिल्टर सांभाळा

स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत दोन-तीनदा पिळून. तपकिरी राहिला तरी हरकत नाही, पाणी आरपार जाऊ लागलं की पुरे. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. ज्या दिवशी स्पंज धुवाल त्या दिवशी खडे साफ करू नका. फिल्टर २४ तास चालू ठेवायचा असतो. वीज वाचवायला किंवा आवाज येतो म्हणून रात्री बंद ठेवणारी घरं कमी नाहीत, आणि त्यांची टाकी कधीच नीट बसत नाही.

लोडशेडिंग असलेल्या भागात साधा स्पंज फिल्टर सगळ्यात निर्धास्त. तो उघड्या पाण्यातच असल्यामुळे वीज गेल्यावर त्यातले जिवाणू लगेच गुदमरत नाहीत. डब्यासारखा बंद फिल्टर असेल आणि वीज कित्येक तास गेली असेल, तर वीज आल्यावर तो थेट चालू करू नका. आतलं कुजलेलं पाणी ओतून द्या, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळा, मग लावा. छोटा एअर पंप चार-पाच वॅट घेतो, त्याला इन्व्हर्टरवर जागा द्या.

दुकानातून मिळणारं निळं औषध आणि अँटिबायोटिकच्या कॅप्सूल मुख्य टाकीत ओतू नका. रोगाचे जिवाणू मारणारं औषध फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही सोडत नाही.

नवी टाकी असेल तर हे सगळं चार ते सहा आठवडे सांभाळावं लागतं, कारण जिवाणू सावकाश वाढतात. आधी अमोनिया चढतो, तो उतरताना नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. या काळात दोन-तीनच काटक मासे ठेवा. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांचा वापरलेला स्पंज मागून आणा, ओल्या पिशवीत, त्याच दिवशी. बाटलीतल्या जिवाणूंचा गुण येईल किंवा येणार नाही, त्या स्पंजचा बहुधा येतोच.

पायरी ८: घरात काय चाललंय?

घरात माशांना खायला कोण-कोण घालतं, हे विचारा. सकाळी आजोबा, शाळेतून आल्यावर मुलं, संध्याकाळी आणखी कुणी, आणि प्रत्येकाला वाटतं की आज आपणच घातलं. वर पोळीचे तुकडे आणि मुरमुरे. खाण्याच्या डब्यावर एकाचंच नाव लिहा, आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला.

डास मारायची द्रावणं आणि स्प्रे यांतली ट्रान्सफ्लुथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं माणसाला फारशी बाधत नसली तरी माशांना अतिशय विषारी असतात. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो, त्यामुळे डास मारायचं मशीन आणि पंप एका कोपऱ्यात असतील तर आजच लांब करा. फवारणी करायचीच असेल तर पंप बंद करून टाकी ओल्या चादरीने झाका, आणि खोलीत हवा खेळली की लगेच पंप सुरू करा. पेस्ट कंट्रोल किंवा दिवाळीआधीचं रंगकाम असेल तर टाकी दुसऱ्या खोलीत हलवलेली बरी. टाकीत हात घालण्याआधी साबण, सॅनिटायझर, ओडोमॉस धुऊन काढा, नुसत्या पाण्याने. बादली आणि मग टाकीसाठी वेगळे ठेवा.

उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायूच कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. टेबलफॅनचा झोत पृष्ठभागावर सोडला तर पाणी दोन-तीन अंश उतरतं. बर्फ थेट टाकू नका. बंद बाटलीत गोठवून तरंगत ठेवा, तेही सावकाश.

आणि मासे किती आहेत ते प्रामाणिकपणे मोजा. २ फुटी टाकीत चार गोल्डफिश आणि एक सकर (काचेला तोंडाने चिकटणारा मासा) असतील तर वर लिहिलेलं सगळं करूनही आकडे वर येत राहतील. सकर दुकानात बोटाएवढा असतो आणि वाढून फुटाच्या वर जातो. जास्तीचे मासे दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्याला द्या. नदीत किंवा तलावात सोडू नका. तिथे सकर जगतो, वाढतो आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठतो.

हे सगळं केलं, सलग तीन दिवस अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले, नायट्रेट आटोक्यात, पीएच जागेवर, आणि तरीही मासा अंग घासतोय, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत किंवा पर झडताहेत, तर मग तो रोग आहे. त्या माशाला वेगळ्या टबमध्ये काढा, टाकीचंच पाणी घ्या, एअरस्टोन लावा आणि औषध तिथे द्या. पांढरे ठिपके मात्र एका माशावर दिसले तरी परजीवी टाकीभर पसरलेले असतात, तेव्हा उपचार सगळ्या टाकीला लागतो, आणि त्या दिवसांत अमोनियाची चाचणी रोज करायची.